पाताळातली प्रेमकथा : ऑपेराची शोकान्तिका आणि भूमिगत रंगस्थळ

पाश्चात्त्य ऑपेराची ओळख ज्या वास्तूंवरून पटते, त्या वर्खाने मढवलेल्या सज्जांच्या, झुंबरांच्या आणि हजार-दोन हजार प्रेक्षकांना सामावून घेणाऱ्या असतात. पण त्या वास्तूंत गाजलेल्या प्रेमशोकान्तिका शेवटच्या अंकात बहुधा एखाद्या लहानशा जागेत शिरतात. व्हायोलेटा आपल्या शयनगृहात मरते, मिमी पोटमाळ्यावर, ज्युलिएट कुळाच्या थडग्यात आणि आयदा बंद भुयारात. नायिकेचा अखेरचा श्वास आणि तो ऐकण्यासाठी आलेला प्रेक्षक यांच्यामध्ये मात्र वाद्यवृंदाचा खड्डा, दिव्यांची रांग आणि खुर्च्यांच्या ओळींमागून ओळी असतात. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात काही संच ही नाट्यगृहे सोडून छोट्या जागांकडे वळले आणि गेल्या काही दशकांत त्यांच्यापैकी काहींनी तळघरे, जुनी भुयारे आणि दफनकोठड्या यांत प्रयोग केले, तेव्हा त्याकडे पुष्कळांनी नवलाईचा खेळ म्हणून पाहिले. इतिहास पाहता असे म्हणावे लागते, की ऑपेराच्या कथेत तीन शतके जी जागा रंगवलेल्या पडद्यावर होती, ती या प्रयोगांनी विटा-दगडांची केली.

ऑपेरा म्हणजे ज्यात नाट्याचा बहुतेक सारा भार गायनावर असतो असे नाटक. त्याच्या संहितेला 'लिब्रेटो', बोलण्याच्या लयीत गायल्या जाणाऱ्या संवादांना 'रेसिटेटिव्ह' आणि एखाद्या भावावस्थेवर रेंगाळणाऱ्या स्वतंत्र पदाला 'आरिया' म्हणतात. सोळाव्या शतकाच्या अखेरीस फ्लॉरेन्समधील विद्वान आणि संगीतकार यांच्या मंडळांत, प्राचीन ग्रीक नाटक गायले जात असावे या समजुतीतून, हा प्रकार आकाराला आला. याकोपो पेरी याचा १६०० साली पित्ती राजवाड्यात झालेला 'युरिडिचे' आणि क्लाउदिओ मोन्तेवेर्दी याचा १६०७ साली मांतुआच्या राजवाड्यात झालेला 'ऑर्फेओ' या दोन्ही आद्य रचनांची कथा एकच आहे, हा निव्वळ योगायोग मानता येत नाही. सर्पदंशाने मेलेल्या पत्नीला परत आणण्यासाठी गायक ऑर्फियस पाताळात उतरतो आणि केवळ गाण्याच्या बळावर तिथली दारे उघडून घेतो, ही ती ग्रीक कथा होय. गायनाने मृत्यूवर मात करता येते का, हा प्रश्न विचारण्यासाठी या कलाप्रकाराने जन्मतःच जमिनीखालची जागा निवडली.

मांतुआतील तो पहिला प्रयोग एका विद्वत्सभेच्या सदस्यांसाठी राजवाड्यातल्या दालनात झाला होता. दोन वर्षांनी, १६०९ साली, स्वरलिपी छापून प्रसिद्ध करताना मोन्तेवेर्दीने अर्पणपत्रिकेत त्या रंगमंचाच्या अरुंदपणाचा मुद्दाम उल्लेख केला आणि आता ही कथा विश्वाच्या मोठ्या रंगभूमीवर येत आहे, अशा आशयाचे शब्द लिहिले. त्याच स्वरलिपीत पाताळासाठी वेगळा वाद्यमेळ नेमून दिलेला आहे : पृथ्वीवरच्या प्रवेशांना तंतुवाद्ये आणि बासऱ्या, तर पाताळाला ट्रॉम्बोन, 'कॉर्नेट' नावाची लाकडी शिंगवाद्ये आणि मृतांना नदीपार नेणाऱ्या नावाड्याच्या गाण्यामागे 'रीगल', म्हणजे धातूच्या पत्त्यांच्या कंपनातून खरखरीत सूर काढणारे छोटे ऑर्गन. दालनातला प्रेक्षक खोलीबाहेर न जाता जमिनीखाली उतरत होता आणि त्याला तिकडे नेणारी खूण डोळ्यांआधी कानाला मिळत होती. पुढच्या काळात नेपथ्याने हे काम आपल्याकडे घेतले.

नेपथ्य वाढण्याला अर्थकारण कारणीभूत झाले. १६३७ साली व्हेनिसमध्ये सान कास्सियानो हे तिकीट घेऊन कोणालाही प्रवेश देणारे पहिले ऑपेरागृह उघडले आणि दरबाराच्या खर्चाने होणारा समारंभ धंदा बनला. सरदार घराण्यांनी सज्जांतले बॉक्स वर्षाच्या भाड्याने घ्यायचे आणि सामान्य माणसाने खालच्या जागेचे तिकीट काढायचे, या व्यवस्थेत जितकी आसने तितके उत्पन्न हे सरळ गणित होते. आसने वाढली तशी इमारत उंच झाली, इमारतीसाठी आवाज आणि वाद्यवृंद मोठे झाले, आणि त्यांचा खर्च भागवण्यासाठी पुन्हा आसने वाढवावी लागली. लहान जागेतली परंपरा या काळातही तुटली नव्हती. हेन्री पर्सेल याच्या 'डायडो अँड इनियस' या, तासाभरात संपणाऱ्या इंग्रजी ऑपेराच्या ज्या प्रयोगाचा पुरावा मिळतो, तो १६८० च्या दशकाच्या अखेरीस लंडनजवळच्या चेल्सी येथे मुलींच्या एका निवासी शाळेत झाला होता. त्यातला राणी डायडोचा अखेरचा विलाप पाच मात्राखंडांच्या, एकेका अर्धस्वराने खाली उतरणाऱ्या खर्जाच्या ओळीवर रचलेला आहे. ती ओळ पुनःपुन्हा येत राहते आणि वरचे गाणे तिच्यापासून सुटण्याची धडपड करते. त्यासाठी मूठभर तंतुवाद्ये पुरतात, म्हणूनच तीन शतकांनंतर तळघरांकडे वळलेल्या संचांना ही रचना जवळची वाटली.

एकोणिसाव्या शतकातील रोमँटिक ऑपेराने थडगे रंगमंचाच्या मध्यभागी आणून ठेवले. रोमँटिक ही संज्ञा येथे केवळ प्रेमकथेपुरती नाही. व्यक्तीच्या उत्कट भावनेला कुल, धर्म आणि राज्य यांच्या वर स्थान देणारी आणि त्या संघर्षात व्यक्तीचा नाश होताना दाखवणारी ही कलादृष्टी होती. विन्चेन्झो बेल्लिनी याच्या, १८३० साली व्हेनिसच्या ला फेनिचे नाट्यगृहात प्रथम झालेल्या 'इ कापुलेती ए इ मोन्तेक्की' या ऑपेरात रोमिओ आणि ज्युलिएट यांची अखेरची भेट कापुलेती कुळाच्या दफनगृहात होते. रोमिओने विष घेतल्यावर, पण तो मरण्याआधी, ज्युलिएट जागी होते, त्यामुळे दोघांनाही सारे कळलेले असताना गाण्यासाठी काही क्षण मिळतात. बेल्लिनीने रोमिओची भूमिका स्त्रीच्या मध्यम पट्टीच्या आवाजासाठी लिहिली होती. बालगंधर्वांनी गायलेल्या नायिका ज्यांना परंपरेने परिचित आहेत, त्या मराठी रसिकांना या उलट्या संकेताचे नवल वाटू नये.

जागा आणि मृत्यू यांच्या नात्याचा विचार जुझेप्पे व्हेर्दी याने सर्वांत खोलवर केला. 'ला त्राव्हियाता' ही क्षयाने मरणाऱ्या व्हायोलेटा या पॅरिसमधील गणिकेची कथा ६ मार्च १८५३ रोजी ला फेनिचेत सपशेल पडली. नायिकेची भूमिका करणारी गायिका अंगाने भरलेली होती आणि क्षयाचे तिचे मरण प्रेक्षकांना पटले नाही, हे कारण नेहमी सांगितले जाते. पुढच्या वर्षी मे महिन्यात त्याच शहरातील सान बेनेदेत्तो या नाट्यगृहात, काही भाग सुधारून आणि गायक बदलून केलेला प्रयोग मात्र यशस्वी झाला. अखेरच्या अंकाची सुरुवात व्हेर्दीने मोजक्या व्हायोलिनांच्या उंच, विरळ सुरांनी केली आहे. तिथे वाद्यवृंदाचा मोठा भाग नुसता बसून असतो. मोठ्या नाट्यगृहासाठी लिहिताना तो संगीताच्या आत एक छोटी खोली बांधत होता, असे या रचनेवरून दिसते.

'आयदा'मध्ये ही खोली प्रत्यक्षच रंगमंचावर आली. १८७१ साली २४ डिसेंबरला कैरोत प्रथम झालेला हा ऑपेरा मिरवणुकीच्या प्रवेशासाठी प्रसिद्ध असून उघड्या मैदानांवरच्या अवाढव्य प्रयोगांत त्याला नेहमी अग्रस्थान मिळते. त्याचा शेवटचा प्रवेश मात्र दोन मजल्यांचा आहे : वर उजेडाने झगमगणारे मंदिर आणि खाली अंधारे भुयार. देशद्रोहाच्या आरोपावरून सेनापती रादामेसला भुयारात जिवंत गाडले जाते. दगड बसवल्यावर त्याला कळते, की गुलाम राजकन्या आयदा आधीच येऊन तिथे लपली आहे. खाली दोघे प्रेमिक हवा संपेपर्यंत हळुवार गातात, वर पुजाऱ्यांचे मंत्र चालू असतात आणि रादामेसवर एकतर्फी प्रेम करणारी राजकन्या आम्नेरिस, आपल्या पायांखाली कोण कोण आहे याचा पत्ता नसताना, त्याच्या शांतीसाठी प्रार्थना करते. सर्वांत भपकेबाज समजला जाणारा हा ऑपेरा व्हायोलिनांच्या जेमतेम ऐकू येणाऱ्या सुरांत विरून जातो. या प्रवेशात प्रेक्षकाला दोन्ही मजले एकाच वेळी दिसतात आणि तो स्वतः त्यांपैकी कोणत्याच मजल्यावर नसतो, ही गोष्ट पुढील विवेचनासाठी महत्त्वाची आहे.

जाकोमो पुच्चिनी याचा 'ला बोहेम' १ फेब्रुवारी १८९६ रोजी तुरीन येथे, अठ्ठावीस वर्षांच्या आर्तुरो तोस्कानिनीच्या संचालनाखाली प्रथम झाला. आंरी म्युर्झे याच्या पॅरिसमधील दरिद्री कलावंतांविषयीच्या गोष्टींवर बेतलेल्या या ऑपेराचा पहिला आणि शेवटचा अंक एकाच पोटमाळ्यावर घडतो, आणि त्याची वळणे हाताच्या अंतरावरून पाहण्याजोग्या वस्तूंवर अवलंबून असतात : विझलेली मेणबत्ती, अंधारात हरवलेली किल्ली, गारठलेला हात. शेवटच्या अंकात नायिका मिमीचा प्राण जातो तेव्हा कोणी किंकाळी फोडत नाही. कवी रोदोल्फो खिडकीचा उजेड अडवण्यात गुंतलेला असतो, ती गेल्याचे प्रथम लक्षात येते ते त्याच्या एका मित्राच्या, आणि रोदोल्फोला ते सर्वांत शेवटी, इतरांच्या चेहऱ्यांवरून कळते. सुमारे ३,८०० आसनांच्या न्यूयॉर्क येथील मेट्रोपॉलिटन ऑपेरामध्ये ही नजरानजर मागच्या सज्जातून दिसणे अवघडच. तिथे ती वाद्यवृंदाने सांगावी लागते.

दरम्यान रिचर्ड वागनरने वेगळ्याच अर्थाने जमिनीखालचा आश्रय घेतला होता. १८७६ साली उघडलेल्या बायरॉइट येथील आपल्या नाट्यगृहात त्याने वाद्यवृंदासाठी रंगमंचाखाली पायऱ्यांनी उतरत जाणारा खड्डा केला आणि त्यावर आच्छादन घातले, जेणेकरून वादक दिसू नयेत आणि सूर कोठून येतो हे कळू नये. तेथे संगीत भूमिगत झाले आणि प्रेक्षक अंधारात, पण वरच, राहिला.

प्रेक्षकालाच खाली नेण्याची कल्पना ऑपेरागृहांबाहेर रुजली. पॅरिसच्या जुन्या चुनखडीच्या खाणींत अठराव्या शतकाच्या अखेरीपासून शहरातल्या दफनभूमींतील लक्षावधी माणसांची हाडे रचून ठेवलेली आहेत. एप्रिल १८९७ मध्ये एका मध्यरात्री तिथे सुमारे शंभर निमंत्रितांसमोर चोरून संगीतसभा झाली. तिच्यात ऑपेरातील वादकही होते आणि शोपँ व बेथोव्हन यांची अंत्ययात्रेची संगीते आणि सँ-साँस याचे मृत्यूचे नृत्य वाजवण्यात आले. याच सुमारास नाटककारांनाही छोट्या जागेची ओढ लागली. माक्स राइनहार्टने १९०६ साली बर्लिनमध्ये 'कामरश्पीले', म्हणजे खोलीतल्या नाटकांचे नाट्यगृह, उघडले. १९०७ साली ऑगस्ट स्ट्रिंडबर्गच्या नाटकांसाठी स्टॉकहोममध्ये १६१ आसनांचे 'इंतिमा' नाट्यगृह सुरू झाले. त्याच वर्षी व्हिएन्नात एका इमारतीच्या तळघरात 'कॅबरे फ्लेडरमाउस' आणि १९११ च्या वर्षअखेरीस सेंट पीटर्सबर्गमध्ये 'भटका कुत्रा' नावाचा कवी-नटांचा तळघरातला अड्डा उघडला. कमी भाडे, रस्त्यावरच्या गोंगाटापासून सुटका आणि पायऱ्या उतरताना आपोआप होणारा मनाचा पालट, ही तळघराची आकर्षणे तेव्हापासून कायम आहेत.

ऑपेराला या वाटेवर आणले ते मुख्यतः युद्धांनी. पहिल्या महायुद्धाच्या टंचाईत इगोर स्ट्राविन्स्कीने १९१८ साली सात वादकांवर भागणारी 'सैनिकाची कथा' रचली. दुसऱ्या महायुद्धात लंडनचे सॅडलर्स वेल्स नाट्यगृह बाँबहल्ल्यांत बेघर झालेल्यांच्या निवाऱ्यासाठी घेतले गेले, तेव्हा तेथील ऑपेरासंच वीस कलावंतांनिशी गावोगाव हिंडू लागला आणि गायिका जोन क्रॉसने त्याचा कारभार सांभाळला. थोडक्यात भागवण्याची ही सवय युद्धानंतर शैली बनली : बेंजामिन ब्रिटनचा, १९४६ साली ग्लाइंडबोर्न येथे झालेला 'द रेप ऑफ ल्युक्रेशिया' हा आठ गायक आणि जेमतेम तेरा वादक यांच्यासाठी लिहिलेला ऑपेरा 'चेंबर ऑपेरा' या प्रकाराचा, म्हणजे खोलीत मावेल अशा ऑपेराचा, आधुनिक नमुना ठरला.

नव्याने लिहिलेल्या रचना आटोपशीर करणे सोपे होते. जुन्या शोकान्तिका लहान जागेत आणण्यासाठी वेगळे धाडस लागले. न्यूयॉर्कमध्ये अँथनी आणि सॅली अमाटो या दांपत्याने १९४८ साली सुरू केलेला संच पुढे बावरी रस्त्यावरच्या १०७ आसनांच्या नाट्यगृहात २००९ पर्यंत व्हेर्दी-पुच्चिनी करत राहिला. पॅरिसच्या बुफ द्यू नोर नाट्यगृहात पीटर ब्रुक याने १९८१ साली बिझेच्या 'कार्मेन'मधील समूहगायने, सैनिक आणि मिरवणुका काढून टाकल्या आणि मूठभर गायक-नट व छोटा वाद्यमेळ घेऊन मातीच्या भूमीवर सव्वा-दीड तासाची शोकान्तिका उभी केली. १९९० साली जोनाथन डव्ह याने वागनरच्या चार रात्रींच्या 'रिंग'ची अठरा वादकांसाठी संक्षिप्त मांडणी केली. लंडनच्या किलबर्न भागात एका पबच्या माडीवर २००९ च्या डिसेंबरात 'ला बोहेम' सुरू झाला, तेव्हा कॅफेतला दुसरा अंक खालच्या बारमध्ये, ग्लास हातात घेऊन उभ्या असलेल्या गिऱ्हाइकांमध्येच होत असे. त्या प्रयोगाला २०११ मध्ये ऑलिव्हिए पुरस्कार मिळाला.

पोटमाळ्यासाठी माडी शोभून दिसली. थडग्याच्या कथांसाठी खाली उतरणे क्रमप्राप्तच होते. लंडनच्या रॉदरहाइथमध्ये थेम्स नदीखालच्या बोगद्याची विहीर आहे. मार्क ब्रुनेलने १८२५ साली विटांचा सुमारे पन्नास फूट व्यासाचा मनोरा जमिनीवर बांधला आणि खालची माती काढत त्याला स्वतःच्याच वजनाने भूगर्भात उतरवले. १८४३ साली लोकांसाठी खुला झालेल्या या बोगद्यात १८२७ मध्ये, काम अर्धवट असतानाच, वाद्यवृंदासह मेजवानी झाली होती. गेल्या दशकात या काळवंडलेल्या विहिरीत छोट्या संचांनी ऑपेराचे प्रयोग केले. २०१६ साली नवा जिना होईपर्यंत प्रेक्षकांना ठेंगण्या वाटेने वाकून आत शिरावे लागे. न्यूयॉर्कच्या ब्रुकलिनमध्ये १८३८ साली स्थापन झालेल्या ग्रीन-वुड दफनभूमीत, टेकडीच्या पोटात १८५० च्या दशकात खोदलेला एक लांब, अरुंद बोळ आहे. त्याच्या दोन्ही अंगांना निरनिराळ्या कुटुंबांच्या तीस दफनकोठड्या आणि छतात उजेड-वाऱ्यासाठी झरोके आहेत. २०१८ च्या जूनमध्ये येथे डेव्हिड हर्ट्झबर्गचा 'द रोझ एल्फ' प्रथम झाला. हान्स अँडरसनच्या कथेवर आधारलेल्या या ऑपेरात भाऊ बहिणीच्या प्रियकराचा खून करतो, आणि बहीण त्याचे शिर फुलझाडाच्या कुंडीत पुरून त्यावर अश्रू ढाळत मरते. पुढच्या वर्षी तिथेच 'डायडो अँड इनियस' झाला. या प्रयोगांच्या मालिकेचे नाव 'एंजल्स शेअर', म्हणजे व्हिस्की पिंपात मुरताना हवेत उडून जाणारा, देवदूतांचा मानला जाणारा वाटा, असे ठेवण्यात आले. प्रयोगापूर्वी प्रेक्षक दफनभूमीतल्या उंचवट्यावर सूर्यास्त पाहत व्हिस्की चाखतात आणि मग चालत भुयाराकडे जातात.

अशा जागी प्रयोग करण्यामागची कारागिरी समजून घेतल्याशिवाय त्याचे मोल कळत नाही. पहिला प्रश्न वाद्यमेळाचा. 'ला बोहेम'च्या मूळ स्वरलिपीत चार हॉर्न, तीन ट्रम्पेट, चार खर्जाची पितळी वाद्ये, हार्प आणि पूर्ण तंतुवृंद आहे. तळघरात हे सारे एका पियानोवर, किंवा पियानोला व्हायोलिन, चेलो आणि क्लॅरिनेट जोडून भागवावे लागते. पितळी वाद्यांचे लांबवलेले सूर पियानोवर धरून ठेवता येत नाहीत, कारण आघातानंतर पियानोचा नाद विरतच जातो. म्हणून ते चेलोकडे सोपवायचे, की गायकाला लय थोडी पुढे न्यायला सांगायचे, याचा निर्णय संचालकाला घ्यावा लागतो. दुसरा प्रश्न आवाजाचा. ध्वनिवर्धकाशिवाय वाद्यवृंदावर मात करण्यासाठी ऑपेरागायक आपल्या आवाजात सुमारे ३,००० हर्ट्झच्या आसपास एक चकाकी आणतात; वाद्यवृंदाची शक्ती तिथे कमी पडते, म्हणून एकटा गळा मोठ्या सभागृहात मागच्या ओळीपर्यंत पोहोचतो. तीच चकाकी दोन हातांवरच्या श्रोत्याला बोचते. तिथे गायकाला वर्षानुवर्षे कमावलेला आवाज आवरून धरावा लागतो, आणि हळू पण भरीव गाणे हे मोठ्याने गाण्यापेक्षा कठीण असते.

तिसरा प्रश्न निनादाचा. सभागृहात सूर थांबल्यावर त्याचा नाद पूर्ण विरायला जो वेळ लागतो त्याला निनादकाल म्हणतात. चांगल्या ऑपेरागृहात तो साधारण सव्वा ते दीड सेकंद असतो, कारण शब्द कळायला हवेत. दगडी कमानींखाली आणि विटांच्या विहिरीत तो बराच वाढतो, व्यंजने एकमेकांत मिसळतात आणि जलद रेसिटेटिव्ह चिखलासारखे होते. यावर उपाय म्हणजे प्रेक्षकच : माणसांची अंगे आणि कपडे नाद शोषून घेतात, त्यामुळे रिकाम्या भुयारात घेतलेली तालीम आणि भरलेल्या भुयारातला प्रयोग यांत लय वेगळी ठेवावी लागते. त्याउलट डायडोच्या विलापासारख्या संथ पदाला हाच निनाद पोषक ठरतो, कारण खर्जाची उतरती ओळ विरण्याआधीच पुन्हा सुरू होते. चौथा प्रश्न ओलीचा. दमट हवेने तंतुवाद्यांचा सूर ढळतो, लाकूड फुगते आणि गळा जड होतो. याशिवाय बाहेर पडण्याच्या वाटा मोजक्या असल्याने प्रेक्षकांची संख्या आगीच्या नियमांनी ठरते, कलेच्या गरजेने नव्हे.

अभिनयाची घडीही बदलते. मोठ्या रंगमंचावर खोकल्याची उबळ हातवाऱ्याने दाखवावी लागते. हाताच्या अंतरावर ती खोटी असेल तर लगेच पकडली जाते. पोटमाळ्यावरचा तो शेवटचा क्षण तळघरात पाहणाऱ्याला मिमीची बोटे सैल पडलेली रोदोल्फोच्या आधी दिसतात आणि पुढचे काही मात्राखंड, जे पुच्चिनीने वाद्यांवर सोपवले होते, ते सांगावे की सांगू नये या अवघडलेपणात प्रेक्षकाला घालवावे लागतात. मराठी रंगभूमीने हा फरक दोन्ही टोकांनी अनुभवला आहे. १९१९ साली रंगभूमीवर आलेल्या गडकऱ्यांच्या 'एकच प्याला'त सिंधूचे मरण बालगंधर्वांनी पदांसह मोठ्या नाट्यगृहांत रंगवले. गिरगावातल्या रॉयल ऑपेरा हाउसच्या रंगमंचावरही ते गायले, आणि ऑपेरा हा शब्द मुंबईकराला कलाप्रकाराआधी एका नाक्याचे नाव म्हणून ठाऊक झाला. पुढे १९७४ पासून दादरच्या छबिलदास शाळेच्या सभागृहात प्रायोगिक नाटके होऊ लागली, तेव्हा नटाचा दबलेला सूरही अभिनय ठरू शकतो हे याच प्रेक्षकाला कळले. सुरांची शोकान्तिका आणि लहान जागा यांची सांगड मात्र इथे क्वचितच घातली गेली.

भूमिगत प्रयोगांवरचे आक्षेपही खरे आहेत. अर्थतज्ज्ञ विल्यम बॉमोल आणि विल्यम बोवेन यांनी १९६६ साली दाखवून दिले होते, की जिवंत कलांमध्ये श्रम वाचवता येत नाहीत : चार जणांची रचना वाजवायला आजही चारच माणसे आणि पूर्वीइतकाच वेळ लागतो, पण त्यांचे वेतन इतर धंद्यांबरोबर वाढत जाते. काही डझन आसनांच्या तळघरात ही तूट तिकिटांतून भरून निघणे शक्य नसते. त्यामुळे एक तर तिकीट महाग होते, किंवा तरुण गायक उत्पन्नातील अनिश्चित वाट्यावर राबतात. सर्वांसाठी ऑपेरा ही घोषणा आणि चाळीस जणांपुरती जागा यांतला विरोधही लपत नाही. शिवाय खऱ्या दफनकोठड्यांचे वातावरण आयते मिळाले, की दिग्दर्शक त्यावरच विसंबतो आणि भिंतीच अभिनय करू लागतात.

तरीही नायिकेचा अखेरचा श्वास आणि प्रेक्षक यांच्यातल्या अंतराला या जागांनी दिलेले उत्तर टिकून राहते, आणि ते 'आयदा'च्या दोन मजल्यांशी ताडून पाहता येते. मोठ्या नाट्यगृहातल्या प्रेक्षकाला मंदिर आणि भुयार दोन्ही दिसत, म्हणून त्याला आम्नेरिसच्या अज्ञानाची कीव करता येई. भूमिगत रंगस्थळ वरचा मजला काढून घेते. प्रेक्षक खालच्या दोघांबरोबर बंदिस्त होतो आणि वर कोण प्रार्थना करते आहे, हे आता त्याला ठाऊक नसते. २०२२ च्या रशियन आक्रमणानंतर युक्रेनमधील हार्कीव्ह शहराचे भव्य ऑपेरागृह क्षेपणास्त्रांच्या टप्प्यात आले, तेव्हा तेथील कलावंतांनी मोठे सभागृह बंद ठेवून त्याच इमारतीच्या तळघरात छोटे रंगस्थळ उभारले, आणि एप्रिल २०२४ मध्ये तिथे शोपँच्या संगीतावरच्या बॅलेने प्रयोग पुन्हा सुरू झाले. व्हिस्कीचा घोट घेऊन भुयारात उतरणे आणि भोंगे वाजत असताना उतरणे यांत तुलना होऊ शकत नाही. पण ऑर्फियस पाताळात गेला तो हौसेने नव्हे, गाणे पोहोचवण्याजोगी दुसरी जागा त्याला उरली नव्हती म्हणून. हार्कीव्हच्या तळघरात, वरच्या रिकाम्या खुर्च्यांच्या खाली, वादक आपली वाद्ये सुरात लावत असतात ते त्याच कारणाने.